पदर आणि आवाज : सुलोचना चव्हाण यांची लावणी पडद्यावर आठवताना



आजचा विषय वाचून काहींच्या भुवया वर गेल्या असतील. तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्याचं आयुष्य गेलं, तो माणूस लावणीवर काय बोलणार? शंका रास्त आहे. पण आम्हाला आज लावणीपेक्षा जास्त बोलायचं आहे ते लावणीच्या आठवणीवर. एखाद्या गायिकेचे चाहते मागे वळून तिची मैफल आठवतात तेव्हा नेमकं काय आठवतात, काय विसरतात, आणि त्या विसरण्याची किंमत कोण मोजतं, हा प्रश्न आमच्या जुन्या धंद्यातलाच आहे.

१० डिसेंबर २०२२ रोजी गिरगावातल्या फणसवाडीत सुलोचना चव्हाण गेल्या. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली होती. त्यांचा जन्मही गिरगावचाच. गणेशोत्सवातल्या बाळमेळ्यात लहानपणी उभी राहिलेली ही मुलगी, माहेरची सुलोचना कदम. पुढे हिंदी सिनेमात गायली. १९५१ सालच्या ‘ढोलक’मधलं श्यामसुंदर यांच्या संगीतातलं तिचं गाणं जुन्या हिंदी गाण्यांचे शौकीन आजही काढून ऐकतात. मग आचार्य अत्र्यांच्या ‘हीच माझी लक्ष्मी’मध्ये वसंत देसाई यांच्याकडे पहिली लावणी गायली. ती पडद्यावर केली हंसा वाडकरांनी. आणि तिथून पुढे मराठी माणसाच्या कानात लावणी म्हणजे हा आवाज, असं समीकरणच होऊन बसलं.

त्या गेल्या तेव्हा घराघरांत आठवणी निघाल्या. आता बघा, या आठवणी कुठल्या होत्या? बाईंना रंगमंचावर समोरासमोर ऐकलेली माणसं आता थोडी. बहुतेकांची आठवण पडद्यावरची. मुंबई दूरदर्शनवर, पुढे सह्याद्री वाहिनीवर आणि खासगी वाहिन्यांवर त्यांचं गाणं झालं, ती आठवण. आणि त्या आठवणीत एक चित्र ठरलेलं असतं. मागे वादक. ढोलकी, पुढच्या काळात बहुधा चिरंजीव विजय चव्हाण यांच्या हातात. पुढे माइक. माइकसमोर एक बाई, अंगभर पदर घेतलेली, कपाळावर कुंकू, घरातल्या हळदीकुंकवाला निघाल्यासारखी. हातवारे नाहीत, कमरेला झोका नाही. आणि तोंडातून निघतेय ती अस्सल ठसक्याची लावणी.

या चित्राखाली एक वाक्यही ठरलेलं असतं. तुम्ही ते अनेकदा ऐकलं असेल, कदाचित म्हटलंही असेल. ‘बाईंनी लावणी गायली, पण पदर कधी ढळू दिला नाही.’

आजचं आमचं सगळं व्याख्यान या वाक्यातल्या एका शब्दावर आहे. तो शब्द म्हणजे ‘पण’.

‘पण’ हा शब्द मोठा लबाड आहे. गोटलोब फ्रेगे या जर्मन तर्कशास्त्रज्ञाने १८७९ सालीच दाखवून दिलं होतं, की ‘आणि’ व ‘पण’ यांच्यात सत्यासत्याच्या हिशेबाने काहीच फरक नाही. दोन्हींकडे दोन विधानं खरी असली की काम झालं. फरक आहे तो सूचनेचा. ‘पण’ म्हटलं की बोलणारा सुचवतो की पुढची गोष्ट तुम्हाला अपेक्षित नव्हती. ‘तो गरीब आहे पण प्रामाणिक आहे’ असं आपण म्हणतो, तेव्हा त्या एका माणसाची स्तुती होते आणि बाकी सगळ्या गरिबांना जाता जाता चोर ठरवलं जातं. कोणी तसं उघड बोललेलं नसतं. ‘पण’ने ते काम परस्पर उरकलेलं असतं.

आता आपलं वाक्य परत वाचा. लावणी गायली, पण पदर ढळला नाही. म्हणजे लावणी गाणाऱ्या बाकी बायांचा पदर ढळलेलाच असतो, असं गृहीत धरून ही स्तुती उभी आहे. एका बाईला मखरात बसवायचं आणि त्या मखराची लाकडं दुसऱ्या बायांच्या घराच्या छपरातून काढायची, असा हा प्रकार आहे. चाहत्यांच्या मनात हे नसतं, हे आम्हाला मान्य. प्रेमाने बोलतात बिचारे. पण समीक्षेला प्रेमाचीही तपासणी करावी लागते, नाहीतर ती समीक्षा कसली?

हे वाक्य तयार कसं झालं, ते आधी पाहू. त्यासाठी थोडं मागे जायला हवं, दूरदर्शनच्याही आधी.

१९५० आणि ६०च्या दशकांत सुलोचनाबाईंचा आवाज मुंबईत कसा पोचत होता? ग्रामोफोनच्या तबकडीवरून, गणपतीच्या मांडवातल्या कर्ण्यावरून, सत्यनारायणाच्या पूजेला लावलेल्या लाउडस्पीकरवरून, आकाशवाणीवरून. परळ-लालबागच्या चाळीत आणि गिरगावच्या वाडीत तो एकसारखाच ऐकू येत होता. हा शरीर नसलेला आवाज होता. ज्याने त्याने आपापल्या मनातली बाई त्या आवाजाला जोडली होती.

दुसरी पायरी सिनेमाची. तिथे आवाजाला शरीर मिळालं, ते दुसऱ्याचं. १९६२च्या ‘रंगल्या रात्री अशा’मधली लवंगी मिरचीची लावणी घ्या. जगदीश खेबुडकरांचा गीतकार म्हणून सिनेमातला प्रवेश या चित्रपटाने झाला, संगीत वसंत पवारांचं. मग १९६४चा ‘सवाल माझा ऐका’, १९६५चा ‘मल्हारी मार्तंड’. पडद्यावर जयश्री गडकर, आवाज सुलोचनाबाईंचा. नऊवारी, घुंगरं, भुवईची कमान, मान वेळावणं, हे सगळं त्या आवाजाचंच आहे असं प्रेक्षकाला वाटू लागलं.

तिसरी पायरी २ ऑक्टोबर १९७२ची. मुंबई दूरदर्शन केंद्र त्या दिवशी सुरू झालं. तेव्हा संच घरोघरी नव्हते. चाळीत एखाद्या बिऱ्हाडी संच, आणि त्या खोलीत अख्खा मजला. शनिवारी संध्याकाळी मराठी सिनेमा, रविवारी हिंदी. पुढच्या ओळीत पोरं जमिनीवर, मागे बायका, दाराशी आणि गॅलरीत पुरुष उभे. आजच्या पिढीला हे सांगावं लागतं, की तेव्हा टीव्ही पाहणं हे नाटक पाहण्यासारखंच चारचौघांतलं काम होतं. सासरे, सुना, शेजारी, न्हातीधुती मुलगी, सगळे एकाच चौकटीकडे बघणार. अशा खोलीत लावणी लागली की कोणी पाणी प्यायला उठायचं, कोणाला अचानक खोकला यायचा.

आणि या खोलीत एक गंमत घडली. शनिवारच्या सिनेमात जो आवाज नाचणाऱ्या शरीराबरोबर ऐकला होता, तोच आवाज एखाद्या दिवशी गाण्याच्या कार्यक्रमात पदर घेतलेल्या, जागेवर उभ्या बाईच्या तोंडून येताना दिसला. एक आवाज आणि दोन शरीरं, तीही एकाच घरात, एकाच काचेवर. त्या खोलीतल्या माणसांना जो धक्का बसला तो या विसंगतीचा होता. आणि धक्क्याबरोबर सुटकाही होती. हुश्श, बाई आपल्यातलीच निघाली! आता मोकळेपणाने ऐकायला हरकत नाही. ‘पण’ जन्मला तो इथे. चाळीच्या खोलीतल्या संकोचाला मिळालेली ती सोडचिठ्ठी होती.

इथवर आम्ही चाहत्यांची बाजू समजून घेतली. आता त्यांच्या स्मरणातल्या दाव्यांची उलटतपासणी करू.

पहिला दावा, ‘त्यांनी लावणीला प्रतिष्ठा मिळवून दिली.’ ठीक. पण मग प्रतिष्ठा गेली होती कुठे? राम जोशी, अनंत फंदी, प्रभाकर, सगनभाऊ, परशराम, होनाजी बाळा, ही नावं मराठी वाङ्मयाच्या इतिहासात मानाने येतात. राम जोशी तर सोलापूरचे ब्राह्मण, संस्कृत जाणणारे. म्हणजे लावणी लिहिणाऱ्याला प्रतिष्ठा होती. ती नाचून-गाऊन जगवणाऱ्या बाईला नव्हती. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेरांच्या सरकारने तमाशावर बंदी घातली, मग महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि तमाशाला ‘सुधारून’ परवानगी मिळाली. कोल्हाटी, महार, मांग अशा जातींतल्या बायांनी पिढ्यान्‌पिढ्या जो धंदा आणि जी कला सांभाळली, तिच्यावर सरकारी कात्री आली. अभ्यासक शर्मिला रेगे यांनी १९९५च्या एका निबंधात हे नेमकं दाखवलं आहे, की लावणी पांढरपेशा समाजाने उचलली ती लावणी करणाऱ्या बायांना बाजूला ठेवून.

म्हणजे प्रतिष्ठा हरवली नव्हती, अडवून ठेवली होती. आणि ज्यांनी अडवली त्यांच्याच दिवाणखान्यात ती परत आली तेव्हा ती कोणा एका गायिकेने ‘मिळवून दिली’ असं म्हणणं म्हणजे सावकाराने गहाणाचे दागिने परत करताना स्वतःच टाळ्या वाजवण्यासारखं आहे.

दुसरा दावा, ‘फडावरची लावणी म्हणजे नाच आणि हावभाव, बाईंची लावणी म्हणजे गाणं.’ हा दावा वस्तुस्थितीतच चुकीचा आहे. वाईच्या यमुनाबाई वाईकर आठवा. कोल्हाटी समाजातल्या. बैठकीच्या लावणीतल्या अत्यंत मोठ्या गायिका, २०१२ साली पद्मश्री, २०१८ साली गेल्या. बसून, एका ओळीची पाच-सात अंगांनी बढत करत, डोळ्यांनी आणि हातांनी अर्थ उलगडत त्या गात. तिथे गाणं कमी होतं असं म्हणायची कोणाची छाती आहे? गाणं फडात होतं, संगीत बारीत होतं, बैठकीत होतं. लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशाचे फड उतरायचे, गिरणीची पाळी संपवून कामगार तिथे जायचे. ते केवळ बघायला जात होते, ऐकत नव्हते, असं ज्यांना वाटतं त्यांनी गिरणगावचा कान कधी तपासलेला नाही. गिरगावातून लालबाग चार मैल असेल नसेल, पण काही रसिकांच्या आठवणीत ते अंतर फार मोठं आहे.

तिसरा दावा पदराचा. आणि आमच्या मते हाच सगळ्यांत गमतीचा आहे, कारण तो खोटा नाही. पदर होता. अंगभर होता. प्रश्न एवढाच की त्या पदराचं तिथे काम काय होतं?

आमच्याकडे दहाव्या-अकराव्या शतकात काश्मीरमध्ये अभिनवगुप्त नावाचे आचार्य होऊन गेले. रस कसा अनुभवाला येतो हे सांगताना त्यांनी रसात येणारी विघ्नंही सांगितली आहेत, सात. त्यांत एक विघ्न असं, की प्रेक्षक आपल्याच सुखदुःखाच्या विचारात गुरफटलेला असतो. नाटक चाललंय शकुंतलेचं आणि हा आपल्या मुलीच्या लग्नाच्या खर्चात बुडालेला. रस मिळणार कसा? रसासाठी ‘साधारणीकरण’ लागतं. माझं-तुझं, हिचं-तिचं गळून पडावं लागतं.

चाहत्यांच्या आठवणीतला पदर हे असंच एक रसविघ्न होऊन बसलं आहे. ‘ही बाई आपल्यातली की नाही?’ या स्वतःच्या काळजीत रसिक गुंतला आणि पदरापाशी येऊन निश्चिंत झाला. गाणं पुढे चालूच राहिलं, आठवण मात्र पदरावर थांबली. इमान्युएल कान्टची भाषा वापरायची तर ‘हे सुंदर आहे’ या निवाड्याच्या जागी ‘ही बाई सोज्ज्वळ आहे’ हा निवाडा गुपचूप येऊन बसला. सोज्ज्वळपणा चांगलाच. पण तो गुण शेजारणीतही असतो, आणि शेजारणीला आपण ‘लावणीसम्राज्ञी’ म्हणत नाही.

तर मग पदर बाजूला ठेवून नुसता आवाज ऐकायचा? नाही, तसंही आम्ही म्हणणार नाही. पदराचा अर्थ लावायचा तो चारित्र्याच्या दाखल्यासारखा नव्हे, कलेचा भाग म्हणून.

नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत. आंगिक म्हणजे शरीराचा, वाचिक म्हणजे वाणीचा, आहार्य म्हणजे वेशभूषेचा आणि सात्त्विक म्हणजे आतून उमटणाऱ्या भावाचा. सिनेमातल्या किंवा फडातल्या लावणीत हे चारही एका दिशेने चालतात. शब्द खट्याळ, डोळा खट्याळ, नऊवारीचा कासोटा त्याला साजेसा. सुलोचनाबाईंच्या मैफलीत काय होतं? आंगिक जवळजवळ शून्य. सगळा भार वाचिकावर. आणि आहार्य, म्हणजे तो पदर, वाचिकाच्या बरोबर उलट दिशेला. शब्द म्हणतात एक आणि वेश म्हणतो दुसरं. या ओढाताणीत जी गंमत निर्माण होते, ती ना फडात आहे ना सिनेमात. ती त्या मैफलीची स्वतःची आहे.

आणि वाचिकावर भार म्हणजे किती भार, ते ऐकून बघा. आवाज खुला, खडा, थोडा धारदार. अक्षराचा उच्चार स्वच्छ, जोडाक्षरावर नेमका आघात. ओळ संपताना सूर लांबवत न बसता तो झटक्याने तोडायचा, जसा एखादी बाई बोलता बोलता मान फिरवून निघून जाते तसा. ‘गं’, ‘हाय’, ‘अहो’ असले बारके शब्द इतर गायक भरतीचे म्हणून उरकतात. बाईंकडे त्या शब्दांतच सगळा डाव असतो. एकदा ‘अहो’ आर्जवाचं, पुढच्या फेरीला तेच ‘अहो’ टोमण्याचं. ढोलकी सम गाठायला धावत असते आणि आवाज तिला क्षणभर थांबवून ठेवतो. भुवई जे करते ते इथे स्वर करतो. लावणी गळ्याने कशी ‘करायची’ हे पती श्यामराव चव्हाण यांनी शिकवलं. म्हणजे या ठसक्यामागे तालीम आहे, घोटून घोटून केलेली. आणि पदराची कौतुकं करताना नेमकी तीच तालीम विसरली जाते.

आनंदवर्धनाने ध्वनीचा सिद्धान्त मांडला. शब्दाने जे सांगितलं जात नाही, पण सुचवलं जातं, ते काव्याचा आत्मा. लावणी ही सूचनेची कला आहे. मूळ शब्दांत दुहेरी अर्थ असतो, आणि नाचणारं शरीर त्यांतला एक अर्थ बहुधा पक्का करून टाकतं. डोळा मारला की विषय संपला. शरीर स्थिर राहिलं की अर्थ मोकळा राहतो. ऐकणाऱ्याला तो स्वतःच्या मनात पुरा करावा लागतो. म्हणून पदर घेतलेली स्थिर बाई शृंगार कमी करत नव्हती, वाढवत होती. चाळीच्या त्या खोलीत खोकला यायचा तो उगाच नाही!

जगात असं दुसरीकडेही दिसतं. इजिप्तच्या उम्म कुल्थुम यांचं उदाहरण घ्या. गुरुवारच्या रात्रीच्या त्यांच्या मैफली रेडिओवर दशकानुदशकं ऐकल्या गेल्या, १९६०मध्ये इजिप्तमध्ये टीव्ही आल्यावर पडद्यावर दिसू लागल्या. एकेक गाणं तासभर चाले. बाई जवळपास स्थिर, हातात एक रुमाल. त्या १९७५ साली गेल्या, आणि आजही त्यांच्या चाहत्यांच्या आठवणीत तो रुमाल हमखास येतो. पण रुमालाची आठवण निघाली की पाठोपाठ कुठली ओळ त्यांनी किती वेळा, किती तऱ्हांनी घोळवली याचीही गोष्ट निघते. आपल्याकडे उषा उथुप यांची कांजीवरम आणि मोठी टिकली. नाइट क्लबात साडी नेसून पाश्चात्त्य गाणी म्हणणारी बाई. तिथेही वेश आणि आवाज यांची ओढाताण आहे. पण ‘क्लबात गायली, पण साडी सोडली नाही’ ही त्यांची मुख्य थोरवी आहे, असं त्यांच्या चाहत्यांना वाटत नाही. ती साडी सगळ्यांना मौजेची वाटते. लावणीच्या बाबतीत मात्र आपल्याला मौज पुरत नाही, दाखला लागतो. का? कारण क्लबला आपल्याकडे जात नव्हती, फडाला होती.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे. कोणी म्हणेल, तुम्ही पदराला कलेची खूण म्हणता, पण मुळात तो पदर घेण्याची सोय कोणाला होती? विठाबाई नारायणगावकरांना प्रेक्षकांसमोर स्थिर उभं राहून कसं चाललं असतं? त्यांच्या अंगावर अख्ख्या फडाचं पोट होतं. पोटात मूल असतानाही नाचाव्या लागलेल्या त्या बाईला ‘स्थिरतेचं सौंदर्य’ सांगणं ही थट्टा झाली. स्थिर उभं राहून गायचं, लोकांनी ते ऐकून घ्यायचं आणि वर आदरही मिळायचा, ही सवलत गिरगावात घर असलेल्या, लग्न झालेल्या, फडावर न गेलेल्या गायिकेलाच मिळू शकत होती.

आक्षेप खरा आहे. आम्हाला त्यातला एकही शब्द खोडायचा नाही. पण तो कोणावर जातो ते पाहा. तो सुलोचनाबाईंवर जात नाही. त्यांनी आपल्याला मिळालेल्या जागेवर उभं राहून जे करायचं ते पुरेपूर केलं. तो जातो ज्यांनी जागा वाटल्या त्यांच्यावर, आणि आज आठवण काढताना ती वाटणी पुन्हा एकदा पक्की करणाऱ्यांवर. सुलोचनाबाईंचा गौरव करायला विठाबाई आणि यमुनाबाई यांना खाली ओढावं लागत नाही. उलट, त्यांच्यापासून तोडलं तर सुलोचनाबाईंचं गाणंच कळत नाही. ज्या ठसक्याची ही गळ्यातली आवृत्ती आहे, तो ठसका मुळात फडावर घडला.

आता शेवटचा मुद्दा, आणि आमच्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचा. त्या खोलीत मागे बसलेल्या बायकांचा.

पुरुषांच्या आठवणी पदराच्या आहेत, कारण पदराने त्यांची अडचण सोडवली. बायकांनी काय ऐकलं असेल? त्यांच्यासारखाच पदर घेतलेली, त्यांच्याच वयाची, कुंकू लावलेली एक बाई सगळ्या सासऱ्या-दिरांदेखत, खड्या आवाजात, शृंगाराचं गाणं म्हणते. लाजत नाही, माफी मागत नाही, मान खाली घालत नाही. ‘मल्हारी मार्तंड’मधल्या, ग. दि. माडगूळकरांच्या शब्दांतल्या, त्यांच्या गाजलेल्या लावणीचा विषयच पदर आहे, पदरावर काय हवं याची ती ऐटदार मागणी आहे! पदर म्हणजे झाकण असं ज्यांना वाटतं त्यांना त्या लावणीने तिथल्या तिथे उत्तर दिलेलं आहे. पदर ही मिरवायची, मागायची, हौसेची वस्तूही असते. पदराआडच्या बाईलाही इच्छा असते, थट्टा असते, जीभ असते. लावणीतली बाई आणि घरातली बाई ही दोन वेगळी जनावरं आहेत असं सांगणाऱ्या समाजाला त्या मैफलीने एकाच देहात दोघी उभ्या करून दाखवल्या.

हे त्या मैफलीचं खरं धाडस. आणि चाहत्यांच्या वाक्याने ते बरोबर उलटं करून ठेवलं. ज्या पदराने भिंत पाडली, त्याच पदराची आपण भिंत बांधली. इकडे सोज्ज्वळ लावणी, तिकडे दुसरी. मग दादरच्या नाट्यगृहात लावणीचा प्रयोग पाहून आलेला मध्यमवर्गीय माणूसही घरी येऊन सांगतो, ‘तसं काही नव्हतं हो, अगदी घरंदाज कार्यक्रम होता.’ कोणाशी तुलना करून घरंदाज? ते नाव तो घेत नाही. ‘पण’ त्याच्यासाठी ते काम करतो.

स्मरण ही फुकटची गोष्ट नाही, मित्रहो. मेलेल्या माणसाला आपली बाजू मांडता येत नाही. आपण त्याला जसं आठवू तसा तो उरतो. म्हणून आठवणीत नीतीचा प्रश्न येतोच. सुलोचनाबाई सभ्य गृहिणी म्हणून उरणार की मराठीतल्या एका मोठ्या गायिका म्हणून, हे आता त्यांच्या हातात नाही, ऐकणाऱ्यांच्या हातात आहे. आणि त्यांच्या नावाआड यमुनाबाईंसारख्या, विठाबाईंसारख्या आणि जिचं नावही कुठे नोंदलं गेलं नाही अशा किती जणींचं काय उरणार, हेही.

तेव्हा एक गृहपाठ देतो. मास्तरकी जात नाही, काय करणार! त्यांच्या जुन्या मैफलीची एखादी चित्रफीत मिळवा. पहिल्यांदा डोळे मिटून ऐका, पदर दिसणार नाही अशा बेताने. आवाज कुठे तुटतो, कुठे अडवतो, ‘अहो’ किती तऱ्हांनी येतं, ते मोजा. दुसऱ्यांदा डोळे उघडून पाहा, आणि त्या स्थिर देहातून हे सगळं निघतंय याचं नवल करा. आणि तिसऱ्यांदा, त्याच बैठकीत, यमुनाबाई वाईकरांची एखादी बैठकीची लावणी लावा. दोघींना शेजारी बसवा. त्या शेजारी बसल्या म्हणजे कोणाचाही पदर ढळत नाही, याची खात्री बाळगा.

एवढं केल्यावर ते जुनं वाक्य पुन्हा उच्चारून पाहा. आम्हाला वाटतं, ‘पण’ तुमच्या जिभेवर अडखळेल. तिथे ‘आणि’ घालून बघा. लावणी गायली आणि पदर घेतला. दोन्ही त्यांचंच होतं, दोन्ही त्यांनी एकाच गाण्यात लावलं.

प्रश्न असतील तर अवश्य विचारा.